सूर्य झाकला की जीपीएस का चुकते? आयनांबर मोजणाऱ्या एडवर्ड ॲपलटन यांची गोष्ट

खग्रास सूर्यग्रहणात भरदिवसा गारवा येतो, पक्षी घरट्यांकडे परततात, हे आपण ऐकलेले असते. त्याच वेळी आपल्या डोक्यावर शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर आणखी एक बदल घडत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तिथल्या विरळ हवेतले मोकळे इलेक्ट्रॉन भराभर कमी होऊ लागतात. उपग्रहाकडून आपल्या मोबाइलकडे येणारा जीपीएसचा संदेश याच थरातून येतो. त्यामुळे त्याला लागणारा वेळ किंचित बदलतो, आणि वेळ बदलला की नकाशावरचे आपले ठिकाणही सरकते.

या थराला मराठीत आयनांबर म्हणतात, इंग्रजी नाव आयनोस्फिअर. तो खरोखर आहे हे प्रयोगाने दाखवून देणारे, आणि ग्रहणाकडे त्याला तपासण्याची संधी म्हणून पाहणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर एडवर्ड ॲपलटन. १९४७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच संशोधनासाठी मिळाले. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली आकाशात गेला. ॲपलटन त्याच्या तेरा वर्षे आधी वारले होते. तरीही ग्रहणाच्या दिवशी जीपीएस किती चुकेल याचा हिशेब आज त्यांनीच सुरू केलेल्या मोजमापांच्या आधाराने होतो.

गिरण्यांच्या गावातला मुलगा

एडवर्ड व्हिक्टर ॲपलटन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, ब्रॅडफर्ड येथे झाला. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. वडील गोदामात नोकरीला होते. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. शिष्यवृत्तीच्या जोरावर तो अठराव्या वर्षी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोहोचला. जे. जे. थॉमसन आणि अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या कामाचा प्रभाव तिथेच त्याच्यावर पडला. पदवीनंतर काही काळ त्याने स्फटिकांच्या रचनेवर काम केले. पहिले महायुद्ध झाले नसते तर कदाचित तो त्याच वाटेने गेला असता.

युद्धात तो आधी पायदळात भरती झाला आणि मग रॉयल इंजिनिअर्समध्ये गेला. तिथे बिनतारी संदेशयंत्रणेशी गाठ पडली. रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये त्याला गोडी लागली, आणि त्याहून जास्त एका कोड्यात: रेडिओचा आवाज मध्येच क्षीण होतो, पुन्हा वाढतो, पुन्हा बुडतो. हे का होते? महाराष्ट्रात रात्री मीडियम वेव्हवर लांबचे स्टेशन लावून गाणी ऐकलेल्या मंडळींना हा अनुभव सांगायला नको. सूर मध्येच दूर गेल्यासारखा होतो आणि परत येतो. दिवसा मात्र ते स्टेशन लागतच नाही.

थर आहे की नाही?

प्रश्न जुना होता. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनी यांनी इंग्लंडच्या पोल्धू येथून पाठवलेला बिनतारी संकेत अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमध्ये पोहोचला. रेडिओलहरी प्रकाशासारख्याच सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. मग हा संकेत वळला कसा? १९०२ मध्ये अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला: उंचावर वीजवाहक थर असावा आणि लहरी त्यावरून परत फिरत असाव्यात. पुढची बावीस वर्षे तो तर्कच राहिला. थर कोणी पाहिला नव्हता, त्याची उंची कोणी मोजली नव्हती.

ॲपलटन १९२४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. न्यूझीलंडहून आलेले माइल्स बार्नेट हे त्यांचे विद्यार्थी. लंडनच्या बीबीसी केंद्राचा संकेत केंब्रिजमध्ये दिवसा स्थिर असतो आणि रात्री चढउतार करतो, हे दोघांनी मोजून पाहिले होते. ॲपलटन यांनी त्याचा अर्थ असा लावला की रात्री एकाच वेळी दोन लहरी येत असाव्यात, एक जमिनीलगत आणि दुसरी वरून परतून. दोन्ही एका ठेक्यात आल्या तर आवाज मोठा, विरुद्ध आल्या तर क्षीण.

मग प्रयोग सुचला, आणि तो फार सोपा होता. प्रक्षेपण केंद्राने आपली तरंगलांबी थोडी थोडी बदलत नेली, तर दुसऱ्या गावी तो आवाज ठरावीक वेळा वाढेल आणि कमी होईल. असे किती वेळा झाले ते मोजले की दोन मार्गांतला फरक कळतो, आणि त्यावरून थराची उंची. बीबीसीने बोर्नमथ येथील प्रक्षेपक देऊ केला. दिवसाचे कार्यक्रम संपल्यावरच तो मोकळा होणार होता. ग्रहणयंत्रे सुमारे १२० किलोमीटरवर ऑक्सफर्डमध्ये मांडली गेली. ११ डिसेंबर १९२४ च्या मध्यरात्रीनंतर मोजणी झाली, आणि थर सुमारे ९० ते १०० किलोमीटर उंचीवर असल्याचे निघाले. हवामानशास्त्रज्ञांचे फुगेही जिथवर पोहोचत नव्हते, तिथली उंची जमिनीवर बसून मोजली गेली होती.

याच सुमारास अमेरिकेत ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव्ह यांनी दुसरी पद्धत काढली. रेडिओचा छोटासा ठोका वर सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. ही पद्धत अधिक सोयीची होती, आणि ॲपलटन यांनीही पुढे तीच वापरली. रडारच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

काही काळाने ॲपलटन यांना वर आणखी एक थर सापडला, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. आपल्या कागदांवर पहिल्या थरावरून परतणाऱ्या लहरीसाठी ते ‘ई’ हे अक्षर वापरत असत, कारण विद्युतक्षेत्रासाठी तेच अक्षर रूढ होते. म्हणून वरचा थर ‘एफ’ झाला आणि खालचा ‘डी’. ए, बी, सी ही अक्षरे त्यांनी मोकळी ठेवली, न जाणो आणखी खाली काही सापडले तर. ती अजून मोकळीच आहेत. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा शोषून घेणारा थर म्हणजे हा ‘डी’. सूर्य मावळला की तो विरतो, म्हणून लांबची स्टेशने रात्री लागतात.

ग्रहण म्हणजे नळ बंद करून पाहणे

आता खरा प्रश्न होता की हे इलेक्ट्रॉन येतात कुठून? सूर्यामुळे, हे दिवस-रात्रीच्या फरकावरून दिसत होते. पण सूर्याच्या कशामुळे? अतिनील प्रकाश हवेच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतो, की सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण हे काम करतात? साध्या दिवशी दोन्ही एकत्र येतात आणि वेगळे काढता येत नाहीत.

ग्रहणात ते वेगळे होतात. प्रकाश सूर्यापासून सव्वाआठ मिनिटांत येतो, त्यामुळे चंद्राची सावली आपल्याला दिसते तिथे आणि त्याच क्षणी अतिनील किरण अडतात. कण त्या मानाने फार सावकाश येतात. ते चंद्राजवळून पृथ्वीपर्यंत पोहोचेपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो. म्हणजे कणांची सावली वेगळ्या वेळी आणि वेगळ्याच प्रदेशावर पडायला हवी. आयनांबरातला बदल कोणत्या सावलीबरोबर होतो एवढे पाहिले की उत्तर मिळते.

२९ जून १९२७ च्या पहाटे अशी संधी थेट इंग्लंडमध्येच आली. १७२४ नंतर प्रथमच खग्रास सूर्यग्रहण ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून जात होते, तेही ॲपलटन यांच्या यॉर्कशरमधून. गिगल्सविक या गावी राजज्योतिषी फ्रँक डायसन यांच्या चमूला ढगांनी वाट करून दिली. सूर्य पूर्ण झाकलेला राहिला जेमतेम चोवीस सेकंद. इतर अनेक ठिकाणी लोक ढगांकडे पाहत बसले. रेडिओलहरींना ढगांची अडचण नसते. ॲपलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नोंदींत दिसले की सूर्योदयानंतर दिवसाच्या स्थितीकडे निघालेला थर ग्रहणाच्या वेळी पुन्हा रात्रीच्या स्थितीकडे झुकला, आणि तोही प्रकाशाच्या सावलीबरोबर.

एका ग्रहणावर शास्त्र विसंबत नाही. ३१ ऑगस्ट १९३२ रोजी कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातून खग्रास ग्रहण गेले. गणिती सिडनी चॅपमन यांनी कणांचे ग्रहण कधी आणि कुठे घडायला हवे याचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता, त्यामुळे यावेळी अनेक चमू तयारीने बसले. ‘ई’ थरातले इलेक्ट्रॉन पुन्हा प्रकाशाच्या सावलीबरोबरच घटले. काम मुख्यतः अतिनील आणि तत्सम किरणांचे होते.

ग्रहणाने दुसरी गोष्टही दिली, आणि जीपीएसच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. आयनांबर म्हणजे गळकी टाकी समजा. वरून नळ चालू आहे, म्हणजे सूर्यकिरण इलेक्ट्रॉन सुटे करत आहेत. खालून गळती चालू आहे, म्हणजे ते इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांना जाऊन मिळत आहेत. पातळी स्थिर दिसते, पण गळती किती मोठी हे कळत नाही. ते कळायला नळ बंद करून पातळी किती वेगाने उतरते ते पाहावे लागते. संध्याकाळी सूर्य हळूहळू मावळतो, म्हणजे नळ सावकाश बंद होतो. ग्रहणात तो तासाभरात बंद होऊन पुन्हा उघडतो. खालच्या ‘ई’ थराची गळती मोठी, म्हणून तो सावलीबरोबर लगेच उतरतो. वरच्या ‘एफ’ थरात हवा इतकी विरळ की गळती सावकाश होते. त्यामुळे तिथली पातळी सावली पुढे निघून गेल्यावरही काही काळ उतरतच राहते.

एक सूत्र आणि एक विसरलेले नाव

उंची मोजणे हा कामाचा एक भाग. लहर या थरातून जाताना तिचे नेमके काय होते हे सांगणारे गणित हा दुसरा. इलेक्ट्रॉनांची दाटी, पृथ्वीचे चुंबकत्व आणि लहरीची कंप्रता यांवरून लहरीचा वेग काढणारे सूत्र आज ॲपलटन-हार्ट्री समीकरण म्हणून शिकवले जाते. कंप्रता जितकी जास्त तितका इलेक्ट्रॉनांचा परिणाम कमी, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात, हा त्याचा गाभा. मात्र नावात एक माणूस राहून गेला आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यावर ॲपलटन यांच्याबरोबर काम करणारे तरुण ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ विल्हेल्म आल्टार यांनी या गणिताचा मोठा भाग सोडवला होता, हे विज्ञानाच्या इतिहासकारांनी बऱ्याच उशिरा, १९८० च्या दशकात उजेडात आणले. ॲपलटन मोठे शास्त्रज्ञ होते यात शंका नाही, पण या एका बाबतीत श्रेयाची वाटणी न्याय्य झाली नाही.

१९३२-३३ मध्ये, दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात, ॲपलटन यांनी नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे मोहीम नेली. चुंबकीय वादळांत तिथले रेडिओ प्रतिध्वनी नाहीसे होताना त्यांनी पाहिले. पुढे ते केंब्रिजला परतले, आणि १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाचे सचिव झाले. युद्धाच्या काळात अणुबाँबच्या ब्रिटिश प्रकल्पाचा कारभारही याच विभागाकडे आला. १९४१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. प्रशासनाच्या या व्यापातही त्यांनी आयनांबर सोडले नाही.

भारतावरची टेकाडे

युद्धामुळे जगभर रेडिओसंपर्काची गरज वाढली आणि ठिकठिकाणी आयनांबर मोजणारी केंद्रे उभी राहिली. त्या नोंदी एकत्र मांडताना ॲपलटन यांना काहीतरी विचित्र दिसले. सूर्य विषुववृत्तावर सर्वात प्रखर, तेव्हा ‘एफ’ थरातले इलेक्ट्रॉनही तिथेच सर्वाधिक असायला हवेत. पण पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर चक्क खड्डा होता, आणि त्याच्या उत्तरेला व दक्षिणेला साधारण पंधरा-पंधरा अंशांवर दोन टेकाडे. १९४६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याला आजही ॲपलटन विसंगती म्हणतात.

त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी यावर एक उलगडा सुचवला: विषुववृत्तावर उंचावर गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घरंगळत असावेत. मित्र हे भारतातील आयनांबर संशोधनाचे आद्य पुरुष. ते इलेक्ट्रॉन इतके वर जातात ते दिवसाच्या विद्युतक्षेत्रामुळे, हा दुवा पुढे जोडला गेला. कारंज्यासारखेच ते: मधून पाणी वर उडते आणि दोन्ही बाजूंना पडते.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकाजवळून जाते. उत्तरेचे टेकाड साधारण अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर येते. महाराष्ट्र आणि गोवा येतात या दोहोंमधल्या चढावर.

ॲपलटन १९४९ मध्ये एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत त्याच पदावर राहिले. २१ एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या वर्षभर आधी अमेरिकी नौदलाने ट्रान्झिट ही उपग्रहांवरून ठिकाण काढण्याची पहिली यंत्रणा वापरात आणली होती. तिचे उपग्रह एकाच वेळी दोन कंप्रतांवर संदेश पाठवत. कारण आयनांबर दोन कंप्रतांना वेगवेगळे रोखते, आणि त्या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन लागले ते काढता येते. बोर्नमथच्या प्रयोगातही कंप्रता बदलूनच थर मोजला होता.

मग ग्रहणात जीपीएसचे काय होते?

जीपीएसचा संदेश इतक्या उच्च कंप्रतेचा असतो की तो आयनांबरावरून परत फिरत नाही, आरपार येतो. पण उशीर होतो. वाटेवर दर चौरस मीटरला १ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन असतील तर जीपीएसच्या मुख्य कंप्रतेवर अंतर १६ सेंटिमीटर जास्त भासते. भारतात, सूर्य जोमात असलेल्या वर्षांत, दुपारी हा आकडा दहा मीटरच्या घरात सहज जातो.

एकच कंप्रता पकडणारा ग्राहक हा उशीर उपग्रहानेच पाठवलेल्या ढोबळ गणितावरून वजा करतो. त्या गणितात आठच आकडे असतात. रात्री उशीर स्थिर धरायचा, दिवसा तो वाढत नेऊन दुपारी दोनला शिखरावर न्यायचा आणि मग उतरवायचा. एरवीही ते साधारण निम्मी चूकच काढू शकते, आणि ग्रहण तर त्याला माहीतच नसते. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतील ग्रहणात जीपीएसच्या दाट जाळ्याने सावलीमागे इलेक्ट्रॉनांची घट सरकताना टिपली. बोटीच्या नाळेपुढे उठतात तशा लाटाही आयनांबरात दिसल्या. अशा वेळी खरा उशीर कमी झालेला असतो, पण ग्राहक नेहमीचाच उशीर वजा करतो. म्हणजे ग्रहणात संदेश उलट लवकर येतो, आणि चूक होते ती जास्त दुरुस्ती केल्यामुळे.

ही चूक फार तर काही मीटरची. गाडी चालवणाऱ्याच्या ती लक्षातही येणार नाही, आणि ग्रहणात जीपीएस बंद पडते असे संदेश फिरत असतील तर ते खरे नाहीत. दोन कंप्रता पकडणारे ग्राहक तर ही चूक बरीचशी स्वतःच काढून टाकतात. अडचण येते ती जमीन मोजणाऱ्यांना आणि विमान उतरवणाऱ्यांना. तिथे शेजारच्या स्थिर केंद्राने काढलेली दुरुस्ती वापरतात, आणि दोन्ही ठिकाणांवरचे आकाश सारखेच आहे असे त्यात गृहीत असते. सावलीच्या कडेला ते सारखे नसते.

भारतात आणखी एक पेच आहे. १५ जानेवारी २०१० चे कंकणाकृती ग्रहण दुपारी केरळ आणि तमिळनाडूच्या टोकावरून, म्हणजे जवळपास चुंबकीय विषुववृत्तावरूनच गेले. तेव्हा तिथे उंचावर एरवी पूर्वेकडे वाहणारा विद्युतझोत उलटा वाहू लागल्याचे नोंदले गेले. कारंज्याला वर ढकलणारा जोरच त्यामुळे मंदावला. असे झाले की शेकडो किलोमीटर उत्तरेकडच्या टेकाडालाही पुरवठा कमी पडतो. सावली एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे.

म्हणूनच इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांसाठी उभारलेल्या गगन यंत्रणेला युरोप-अमेरिकेतली आयनांबराची गणिते जशीच्या तशी चालली नाहीत. भारतावरच्या या चढउतारांसाठी वेगळे गणित तयार करावे लागले, आणि देशभरच्या संदर्भकेंद्रांवरून सतत मोजणी ठेवावी लागली. आपल्या नाविक उपग्रहांनाही सुरुवातीपासून दोन कंप्रता दिलेल्या आहेत, एल-५ आणि एस.